जीव वाचला, म्हणजे काम संपलं?

‘आई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत.’ हे वाक्य ऐकलं की दाराबाहेर ताटकळलेल्या घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण आत खाटेवर पडलेल्या बाईला कुणी विचारलं का, की बाई, तू सुखरूप आहेस का? रात्रभर कळा सोसून, शेवटी चिमटा लावून किंवा सिझर करून जिची सुटका झाली, जिचं भरपूर रक्त गेलं, आपल्या देहाचं नेमकं काय झालं हे जिला अजून कुणी सांगितलेलं नाही, तिचं बाळंतपण त्या वाक्याने संपत नाही. दवाखान्याच्या लेखी मात्र ते संपलेलं असतं.

गेल्या दोन दशकांत सरकारने प्रयत्नपूर्वक बाळंतपण दवाखान्यात आणलं. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि साधारण चारातलं एक सिझेरियनने. यातून बायकांचे जीव वाचले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. घरच्या बाळंतपणांचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. त्यात किती जणी गेल्या हे आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीला ठाऊक होतं. पण शेक, तेल, डिंकाचा लाडू आणि सव्वा महिन्याची विश्रांती या रीतीत एक समज होती, की बाळ बाहेर आल्यानंतरही बाईला सांभाळावं लागतं. दवाखान्याने रीत सोडली याबद्दल तक्रार नाही. ती समजही सोडली, याबद्दल आहे.

‘जीव वाचवायचा की लाड करायचे?’ असा प्रश्न आपल्याला नेहमी ऐकवला जातो. हा प्रश्नच खोटा आहे. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, अंगावरून जाणारं रक्त आणि गर्भाशय घट्ट झालंय की नाही हे पाहायचं असतं. लघवी झाली का, हे विचारायचं असतं. यातलं बरंचसं बाई स्वतः सांगेल तेव्हाच कळतं. टाक्यांच्या जागी असह्य ठणका लागला, खाली दाब आल्यासारखं वाटलं, तर आत रक्त साकळलेलं असू शकतं. पण कळा देताना जिला ‘तेव्हा बरं गोड लागलं, आता कशाला बोंबलतेस?’ असं ऐकवलेलं असतं, ती बाई पुन्हा तोंड उघडेल का? ‘दुखणारच, बाळंतीण आहेस’ एवढ्यावर जिची बोळवण झाली, ती रात्री दोन वाजता सिस्टरला हाक मारेल का? ती दात आवळून पडून राहते, आणि तसं पडून राहणं जिवावर बेतू शकतं. म्हणून आपुलकीने विचारणं हा उपचाराचाच भाग आहे. प्रसूतीच्या वेळी होणारा अपमान आणि दांडगाई हे हक्कांचं उल्लंघन आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली स्पष्ट म्हटलं आहे.

मग दोष सिस्टरचा का? अपशब्दाचं समर्थन आम्ही कधीही करणार नाही. कामाचा ताण कितीही असो, असहाय पडलेल्या बाईवर हात उगारायचा परवाना त्यातून मिळत नाही. पण सगळं खापर तिच्या माथी फोडून आपण मोकळ्या झालो, तर खरे जबाबदार हसत बाजूला होतील. सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. सरकारी प्रसूती वॉर्डात रात्रपाळीला जाऊन मोजून पाहा! शिवाय खाट एक असली तरी तिच्यावर माणसं दोन. बाळाला अंगावर लावून द्यायचं, त्याचा रंग-श्वास बघायचा, हे काम कुणाच्या हिशेबात धरलं जातं? कित्येक जणी कंत्राटावर, तुटपुंज्या पगारावर. त्यांच्याकडून ‘मायेची’ अपेक्षा करायची आणि त्या मायेला लागणारा वेळ मात्र द्यायचा नाही, ही बाईच्या श्रमाची जुनीच लूट आहे.

यात विटाळही आहे. बाळंतिणीचं रक्त हाताळायचं काम पूर्वी गावोगावी बहुधा दलित सुईणीच्या वाट्याला ढकललं जाई. आज दवाखान्यात ते डॉक्टरकडून सिस्टरकडे, सिस्टरकडून मावशीकडे आणि मावशीकडून नातेवाईक बाईकडे घरंगळत जातं. जिच्यासोबत कुणीच नाही, तिची घडी बदलायला कुणीच नाही. जखम स्वच्छ ठेवणं हे हलकं काम समजलं जातं, तोवर नर्सिंगची प्रतिष्ठा भाषणापुरतीच राहणार.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. परिचारिकांच्या जागा ठरवताना आई आणि बाळ असे दोन रुग्ण मोजा, आणि रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरा. अवघड बाळंतपण झालेल्या प्रत्येकीला घरी सोडण्याआधी, तिच्याशेजारी बसून, तिच्या बोलीत सांगा, की काय झालं, का झालं, पुढच्या खेपेला काय जपायचं. बाळ काचेच्या पेटीत असेल तर आईला चाकाच्या खुर्चीवरून नेऊन दाखवा. जिचं बाळ गेलं तिला रडत्या बाळांच्या रांगेत झोपवू नका. प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं आहे. ती सोबत वॉर्डातही टिकू द्या.

आणि मैत्रिणींनो, आपल्या वस्तीतली, नात्यातली कुणी बाळंत झाली की ‘मुलगा की मुलगी?’ याआधी तिला विचारू या, ‘तुला कसं वागवलं?’ तिचं उत्तर लिहून घेऊ या. अशी शंभर उत्तरं जमली, की ती घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात बसायला आपल्याला कुणाची परवानगी लागणार नाही.