कातरलेली स्कूटर

मालगुंडात राहणाऱ्या माणसाला कोणी ना कोणी केशवसुतांवर बोलायला बोलावतंच. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. कवितेत माझा अधिकार नाही, पण घर त्यांच्या स्मारकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि हातात कॅमेरा, एवढी पात्रता लोकांना पुरते. गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर रत्नागिरीतल्या एका संस्थेचा फोन आला. ‘सर, पीपीटी आदल्या दिवशी मेल करा.’ केली. बावीस स्लाइड होत्या, आठवडाभर बसून जुळवलेल्या.

सातव्या स्लाइडवर कवीचं जन्मघर यायचं होतं. आलं, पण सोबत कडेला उभी केलेली माझी स्कूटरही आली, नंबरप्लेटसकट. ती मी कातरून टाकली होती. सभागृहात हशा पिकला, मीही हसलो. पुढच्या स्लाइडवर जरा तिरका बसवलेला समुद्राचा फोटो अर्धा पडद्याबाहेर. अकरावीला मात्र हसू आलं नाही. मराठीत सुनीत आणलं केशवसुतांनी, आणि सुनीत म्हणजे चौदा ओळी. वर कविता, खाली फोटो अशी मांडणी मी केली होती. पडद्यावर ओळी मोडून सोळा झाल्या आणि शेवटच्या दोन फोटोवर चढल्या. ‘या चौदा ओळी पाहा,’ असं म्हणून बसलो होतो. मुलं मोजत होती.

कार्यक्रमानंतर संयोजक प्रेमाने म्हणाले, ‘असू दे सर, या वयात एवढं केलंत हेच खूप.’ आरे-वारेच्या रस्त्याने घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. चौतीस वर्षं फळ्यावर आणि कागदावर समास आखत आलो. चित्र कुठे बसवायचं हे मला कळत नाही?

घरी लॅपटॉप उघडला. सगळं जागच्या जागी. घर आहे, स्कूटर नाही, ओळी चौदा.

लॅपटॉप जुना आहे. पुण्याच्या भाच्याने त्यावर लिनक्स घालून दिलं, सोबत लिबरऑफिस. त्यातल्या इम्प्रेसमध्ये मी स्लाइड करतो आणि पाठवताना पीपीटीएक्स म्हणून साठवतो. तिकडे ती पॉवरपॉइंटमध्ये उघडली. पुढच्या रविवारी भाचा फोनवर आणि मी फाइलसमोर, असे आम्ही दुपारभर बसलो. जे कळलं ते सांगतो, कारण हा प्रकार माझ्या एकट्याचा नाही. शाळाशाळांतून शिक्षक रोज हेच भोगतात आणि स्वतःलाच अडाणी समजतात.

आमच्याकडे सुतार ‘दोन सूत सरकव’ म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये इंचाचे 9,14,400 भाग पाडलेले असतात, सेंटीमीटरचे 3,60,000. इम्प्रेस मोजतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. घोटाळा इथेच असणार असं मला वाटलं. पण हा फरक इतका बारीक की भिंगातूनही दिसायचा नाही.

घोटाळा आहे तो कुठून मोजायचं यात. एका सुताराने चौकट मध्यापासून आखली आणि दुसऱ्याने कोपऱ्यापासून, तर दोघांची पट्टी एकच असून दार बसणार नाही. तिरक्या चित्राचं तेच. पॉवरपॉइंटची फाइल आधी सरळ चित्राची जागा सांगते आणि मग ते मध्याभोवती फिरवायला सांगते. इम्प्रेसची मूळ फाइल फिरवणं आणि सरकवणं एकाच गणितात बांधते. भाषांतरात एक पायरी हुकली की समुद्र पडद्याबाहेर.

स्कूटरची गोष्ट अधिक मासलेवाईक. आपण कातरतो म्हणतो, पण प्रोग्रॅम कात्री चालवत नाही, वर झाकण ठेवतो. पूर्ण फोटो फाइलमध्ये तसाच असतो. एक फाइल म्हणते, डावीकडून इतके टक्के झाका. दुसरी म्हणते, इतके सेंटीमीटर झाका, आणि हे सेंटीमीटर चित्राच्या मूळ आकाराचे. तो मूळ आकार ठरतो फोटोत नोंदलेल्या ठिपक्यांच्या दाटीवरून. ती नोंद नसली किंवा वेगळी वाचली गेली की झाकण सरकतं. (कोणाचा चेहरा, आधार कार्डाचा आकडा असल्या गोष्टी असं झाकून फाइल पुढे पाठवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.)

आणि सुनीत? तिथे फोटो हललाच नव्हता, हलली होती अक्षरं. माझ्याकडे लोहित देवनागरी, त्यांच्याकडे मंगल. रुंदी वेगळी, ओळीची उंची वेगळी. मराठी माणसाच्या स्लाइडमध्ये चित्राच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या चुका अक्षरांच्याच असाव्यात, असा माझा संशय आहे. शिवाय जुनी चौकोनी स्लाइड 10 इंच रुंद, 2013 पासूनची लांबट 13.33 इंच. त्या फरकाचा मार वेगळाच.

‘मग सरळ पॉवरपॉइंट घ्या की,’ असं मला सांगणारे बरेच भेटले. पैशाचा मुद्दा बाजूला ठेवू. फोनवर स्लाइड करणारे, गूगलवर करणारे, पुढे एखादा तिसराच प्रोग्रॅम वापरणारे, या सगळ्यांना हेच सांगणार का? स्लाइडला आपण पीपीटी म्हणतो इथेच गोम आहे. एका कंपनीच्या फाइलचं शेपूट म्हणजे ती वस्तूच, असं आपण धरून चाललो आहोत.

देशाने मात्र तसं धरलं नव्हतं. इम्प्रेस वापरतो तो खुला नमुना, ओडीएफ, 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. दुसरा, मायक्रोसॉफ्टचा नमुना 2008 मध्ये मानक झाला, त्याचा मसुदा सहा हजारांहून अधिक पानांचा. तो मानक करावा का यावरच्या मतदानात भारताने विरोधी मत दिलं होतं. पुढे 2010 मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरणही काढलं. एवढं करून आमच्या शाळांना आणि संस्थांना येणारा निरोप एकच: पीपीटी पाठवा. सहा हजार पानं दोन वेगळ्या टोळ्यांनी वाचली तर कुठेतरी अर्थ निसटणारच. त्याचं खापर स्लाइड करणाऱ्याच्या वयावर का?

मी आता फोटो स्लाइडमध्ये न कातरता आधीच खरोखर कातरून घेतो. तिरका बसवत नाही, त्याची थोडी हळहळ वाटते. कविता टाकताना खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडतो. आणि सोबत पीडीएफ नेतो. पीडीएफमध्ये काही हलत नाही हे खरं, अगदी हलवायचं असतं तेही हलत नाही, आणि ऐन वेळी एखादं चुकलेलं वेलांटीचं अक्षर दुरुस्त करता येत नाही. तरी चौदा ओळी चौदा राहतात.

संयोजकांना एवढीच विनंती. निमंत्रणात तुम्ही तारीख, वेळ, स्थळ छापता. त्याखाली आणखी एक ओळ घाला: ‘आमच्याकडे अमुक प्रोग्रॅम आहे, सादरीकरणाची पीडीएफ प्रतही आणावी.’ आणि वक्त्याला अर्धा तास आधी बोलावून सगळ्या स्लाइड एकदा पडद्यावर फिरवून घ्या.