यादी म्हणजे थकबाकी नव्हे!

जानेवारी उजाडला की संकल्पांची साथ येते. वर्षाला बावन्न पुस्तकं, आठवड्याला एक! नोकरी करणाऱ्या आईबापांसाठी तर खास काढे निघतात. पहाटे पाचला उठा. रोज दहा पानं वाचा. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ऑडिओबुक ऐका. मुलाला शिकवणीला सोडलंत की बाहेर स्कूटरवर बसून वाचा. (हे सगळं ‘पालकांसाठी’ असतं म्हणे. पण कुकर कोणापुढे असतो ते तुम्हांला ठाऊक आहे आणि मलाही!) काढे अनेक, पण सगळ्यांचं निदान एकच : तुमची यादी बरोबर आहे, कमी पडताय ते तुम्ही.

माझं भांडण आहे ते या निदानाशी.

आधी साधा हिशोब करू. मी कारकून आहे, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. रोज दहा पानं, एकही दिवस खाडा नाही, मुलाचा ताप नाही, मार्चअखेर नाही. वर्षाची ३,६५० पानं होतात. तीनशे पानांचं पुस्तक धरलं तर वर्षाला बारा. आता वाचणाऱ्या माणसाच्या यादीत दोनशे नावं असणं काही नवल नाही. म्हणजे सोळा-सतरा वर्षं झाली! आज चौथीत असलेलं पोर तोवर कमावतं होईल. आणि ही सोळा वर्षं यादी गप्प बसणार आहे का? दर दिवाळीला अंक येणार, प्रकाशनपूर्व सवलतीची पत्रकं येणार, पुरस्कार जाहीर होणार, एखादा लेखक गेला की हळहळत त्याची चार पुस्तकं आपण लिहून ठेवणार. पाच पुस्तकं वाचून होईतो पंधरा नवी दाखल. पहाटे पाचला उठून हे गणित सुटत नाही. तीनला उठूनही नाही.

मग काय, नोकरी सोडायची? मी सध्या ज्या सुरतेत बदलीवर आहे तिथल्या एका माणसानं ते करून पाहिलं होतं. कवी नर्मद. १८५८ साली, ऐन पंचविशीत, त्यानं शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे लेखणीच्या आधारानं जगायचं ठरवलं. ‘नर्मकोश’ हा गुजराती शब्दकोश त्यानं एकहाती रचला आणि १८७३ साली तो पुरा छापून निघाला. पण कर्जानं पिचून १८८२मध्ये त्याला पुन्हा नोकरी धरावीच लागली. आज इथलं विद्यापीठ त्याच्या नावाचं आहे, महापालिकेचं मोठं ग्रंथालय त्याच्या नावाचं आहे. त्याला जे साधलं नाही ते घराचे हप्ते फेडणाऱ्या तुम्हां-आम्हांला साधणार नाही. तेव्हा वाचन करायचं ते नोकरी, डबे आणि गृहपाठ यांच्या मधल्या फटीतच. फट रुंद होत नाही. म्हणून यादीच अरुंद करायला हवी.

इथं लोक दचकतात. यादीतलं नाव खोडायचं म्हणजे जणू देवघरातला टाक उचलून बाहेर ठेवायचा! कारण या यादीला आपण थकबाकी मानलं आहे. न वाचलेलं प्रत्येक पुस्तक म्हणजे एक न फेडलेला हप्ता. पण कर्ज घेतलं कुणाकडून? त्यातली निम्मी नावं दुसऱ्यांनी सांगितलेली असतात. ‘हे वाचलं नाहीस?’ असं कुणी भुवया उंचावून विचारलं, त्या शरमेपोटी टिपलेली. अशा नावांची मालकी त्या भुवयांकडे आहे, तुमच्याकडे नाही. सावकार नसताना हप्ते कसले भरता?

कचेरीत कागद साठतात ते आम्हां कारकुनांना नवं नाही. महाराष्ट्रातल्या महसूल कचेऱ्यांत त्यावर ‘सहा गठ्ठा पद्धत’ आहे. पहिला गठ्ठा हातातल्या कामाचा. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणाऱ्या प्रकरणांचा. तिसरा नियतकालिक विवरणपत्रांचा. चौथा स्थायी आदेशांचा. पाचवा अभिलेख कक्षात धाडायच्या कागदांचा. आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. सरकारी खात्याला अक्कल नाही म्हणून हसणाऱ्यांनी जरा थांबावं. कागद ठेवण्याइतकंच तो काढून टाकणं हेही काम आहे, एवढं त्या पद्धतीला कळतं. आपल्या वाचनाच्या यादीला मात्र एकच गठ्ठा असतो, ‘प्रलंबित’!

ही पद्धत पुस्तकांना लावून बघा. पहिल्या गठ्ठ्यात उशाशी असलेलं पुस्तक, एक किंवा फार तर दोन. दुसऱ्यात ज्यांची वेळ यायची आहे ती. मूल अजून थोडं मोठं झालं की दोघांनी मिळून वाचायची वगैरे. तिसऱ्यात दिवाळी अंक. ते होळीपर्यंत उघडले गेले नाहीत तर शेजारी द्यावेत, शिमग्यानंतर त्यांना कोण विचारतो? चौथ्यात कोश, व्याकरणं, गाथा. ही ‘संपवायची’ पुस्तकं नव्हेतच. ती घरात असावीत, अडलं की उघडावीत, आणि त्यांना यादीतून काढावं. पाचव्यात ती सगळी, जी आपण सांभाळायची गरज नाही. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२पासून पुस्तकं राखतं आहे, इथलं अँड्रूज ग्रंथालय १८५०पासून. ती त्यांनी राखावीत. कुठं मिळेल एवढं आपल्याला माहीत असलं की पुरे. आणि सहावा गठ्ठा? भुवयांची पुस्तकं! लाल पेन घ्या आणि खोडा.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. ‘मराठी वाचणारे आधीच कमी होताहेत आणि तुम्ही याद्या छाटायला सांगता?’ हा आक्षेप मी सुरतेतून ऐकते म्हणून मला तो जास्त पोकळ वाटतो. या शहरात मराठी माणूस थोडाथोडका नाही. लिंबायत, उधना, डिंडोली भागात खानदेशातून आलेली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आहेत. इथली महापालिका सात माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते, त्यांत मराठी आहे. तरीही आमच्यासारख्या बदलीवाल्यांची मुलं इंग्रजी शाळेत जातात, मैदानावर गुजराती बोलतात, आणि मराठी त्यांना भेटते ती घरातल्या चार भिंतींत. अशा घरात आईच्या डायरीतली दोनशे नावं मुलाला दिसत नाहीत. त्याला दिसतं ते कपाट : काचेआड, न हललेलं, धूळ पुसण्यापुरतं उघडणारं. त्यातून ते पोर एवढंच शिकतं, की मराठी पुस्तक ही जपून ठेवायची वस्तू आहे. आईच्या हातात असलेलं, पानं दुमडलेलं, तेलाचा डाग पडलेलं एकच पुस्तक त्या कपाटाहून अधिक मराठी जगवतं. मोठ्यानं वाचलेली दोन पानं तर त्याहूनही अधिक. भाषेची काळजी असेल तर यादी छाटाच.

आणि वेळेची जबाबदारी सगळी वाचणाऱ्याच्या डोक्यावर का? एस. आर. रंगनाथन १९२४ साली गणिताचं अध्यापन सोडून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा : वाचकाचा वेळ वाचवा. हे त्यांनी ग्रंथालयांना बजावलं आहे, वाचकाला पहाटे पाचला उठायला सांगितलेलं नाही! कचेरी सुटते तेव्हाच ग्रंथालयाला कुलूप लागत असेल, पांडेसऱ्याच्या लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्याला घराजवळ पुस्तक मिळत नसेल, तर ‘रोज दहा पानं’ हा उपदेश त्याच्या तोंडावर कुठल्या तोंडानं करायचा? संकल्पांची पत्रकं वाटणाऱ्यांनी एकदा ग्रंथालयाची वेळ वाढवून मागणारा अर्जही लिहावा. मसुदा हवा तर मी करून देते, आयुष्यभर तेच केलं आहे.

राहता राहिला प्रश्न, यादीत ठेवायचं काय? माझा निकष सोपा आहे : आज मी जिथं आहे, ज्यांच्यासोबत आहे, तिथं जे लागतं ते. उदाहरण देते. दादोबा पांडुरंग तर्खडकर म्हणजे १८३६ सालचे मराठी व्याकरणकार, एवढं बी.ए.ला मराठी घेतलेल्या कुणालाही पाठ असतं. हेच दादोबा १८४०च्या दशकात सुरतेत शिक्षक होते, आणि १८४४ साली दुर्गाराम मेहतांसोबत इथं ‘मानवधर्म सभा’ स्थापण्यात त्यांचा हात होता. जातिभेद आणि अंधश्रद्धा यांच्याविरुद्ध एक मराठी आणि एक गुजराती मास्तर याच गावात एकत्र उभे राहिले! दादोबांचं आत्मचरित्र १९४७ साली संपादून प्रसिद्ध केलं ते अ. का. प्रियोळकरांनी, आमच्या फोंडा तालुक्यातल्या प्रियोळच्या माणसानं. फोंड्यात असते तर हे पुस्तक माझ्या यादीत शंभराव्या जागी पडून राहिलं असतं. सुरतेत ते पहिलं आहे. ‘आपण इथले कोण?’ असं विचारणाऱ्या मुलाला द्यायला माझ्याकडे त्याहून चांगलं उत्तर नाही. कुठल्याही ‘वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं’मध्ये हे बसणार नाही, कारण ती यादी करणाऱ्याला माझी बदली कुठं झाली ते माहीत नाही.

तेव्हा यादी दरसाल तपासा, गठ्ठे पाडा, सहावा गठ्ठा लाज न बाळगता रिकामा करा. पुस्तकं रागावत नाहीत. दीडशे वर्षं थांबतात, आणखी थोडी थांबतील. मूल थांबत नाही, ते चौथीतून पाचवीत जातंच.