स्पर्धेची ढाल, शिबिरातला तंबोरा आणि एक मैत्रीण

शाळांमधल्या स्पर्धांविषयी आपण मोठी माणसे खूप बोलतो. कोणत्या शाळेने ढाल पटकावली, कोणाचा विद्यार्थी जिल्ह्यावर गेला, मुख्याध्यापकांचा फोटो कोणत्या पेपरात आला, याची चर्चा स्टाफरूममध्ये आठवडाभर चालते. पण ज्या मुलांना आपण व्यासपीठावर उभे करतो, त्यांना त्यातून काय मिळाले, हे त्यांनाच विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. विचारले तर ती सांगतात, आणि आपल्याला अडचणीत टाकणारे काहीतरी सांगतात, असा माझा अनुभव आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. नववीच्या वर्गाला मराठीच्या तासाला 'माझा अविस्मरणीय अनुभव' हा निबंध दिला होता. बहुतेक वह्यांमध्ये गाइडमधलीच सहल आली होती. तीच बस, तोच धबधबा, तीच आईने दिलेली दशमी. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी दशमी कधी होतही नसेल. एका मुलीने मात्र स्वतःचे लिहिले होते. तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा, उन्हाळी सुट्टीतले आठ दिवसांचे संगीत शिबिर आणि तिथे भेटलेली एक मैत्रीण. तिला विचारूनच त्याविषयी लिहिते आहे. तिचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी स्पर्धेविषयी. तिला बक्षीस मिळाले नव्हते. भाषण मध्येच विसरले होते. पण तिची तक्रार त्याविषयी नव्हती. तिने लिहिले होते की आमची शाळा एका बाजूला बसली आणि बाकीच्या शाळा दुसऱ्या बाजूला. आम्हाला तसे कोणी बसवले नव्हते, ते आपोआप झाले. आणि पुढे लिहिले होते की निकाल लागल्यावर सगळे फोटो काढून निघून गेले, माझे काय चुकले ते कोणीच सांगितले नाही.

या दोन वाक्यांत आपल्या शालेय स्पर्धांचे सगळे दुखणे आले. मी स्वतः काही स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले आहे. कागदावर रकाने असतात: विषयाची मांडणी, उच्चार, हावभाव, वेळेचे भान. आपण आकडे भरतो, बेरीज करतो, कागद संयोजकांकडे देतो. तो कागद मुलापर्यंत कधीच पोचत नाही. मग ते मूल शिकणार कशातून? शिवाय भाषण बहुतेक वेळा शिक्षकाने लिहिलेले असते, मुलाने फक्त पाठ केलेले असते. म्हणजे स्पर्धा शिक्षकांची आणि धडधड मुलांच्या छातीत.

उच्चारांचे तर वेगळेच आहे. उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला 'ळ' जड जातो. तो 'शाळा'ला 'शाला' म्हणतो. यावर आम्हाला सवलत द्या, असे मी म्हणणार नाही. मराठी आपली भाषा आहे, ती नीट आली पाहिजे. मी दर जूनला मुलांकडून बाळ, फळ, जवळ, कावळा, कळवळा असे शब्द घोकून घेते आणि दिवाळीपर्यंत बऱ्याच जणांची जीभ वळते. पण परीक्षकाने उच्चाराचे गुण उच्चाराच्या रकान्यात कापावेत, विचाराच्या रकान्यात कापू नयेत. एका 'शाला'मुळे सगळे भाषण ऐकायचे बंद होते, हे मी पाहिलेले आहे.

आणि हे फक्त 'त्यांच्या'कडेच होते असेही नाही. आपल्या उर्दू शाळांच्या तकरीरी मुकाबल्यात आणि बैतबाजीत खेड्यातले दखनी बोलणारे मूल 'क़लम'ला 'खलम' म्हणाले की आपलेच परीक्षक एकमेकांकडे बघून हसतात. ज्याला लखनवी उर्दू बोलता येत नाही तो जाहिल, हा समज आपण सोडलेला नाही. मग दुसऱ्याने आपल्या 'ल'ला हसू नये, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

हरण्याविषयी मुलांना काय सांगायचे, यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. सहीह बुखारीत पैगंबर साहेबांच्या (स.) अज़्बा नावाच्या सांडणीची हकीकत आहे. तिला शर्यतीत कोणी मागे टाकू शकत नसे. एकदा एक बदू आपल्या तरुण उंटावर आला आणि पुढे निघून गेला. सोबत्यांना फार वाईट वाटले. त्यावर पैगंबर साहेबांनी समजावले की दुनियेत जे वर चढते त्याला अल्लाह खालीही आणतो, ही त्याची रीतच आहे. शर्यत बंद करा असे ते म्हणाले नाहीत, उंटवाल्याला दोष दिला नाही. हरणे हा खेळाचाच भाग आहे, एवढे त्यात आले. आपल्या शाळांत हे कोणी सांगते का? आपण तर हरलेल्या मुलाला परतीच्या रिक्षात टोमणे मारतो.

आता संगीत शिबिर. इथे आपल्या घराघरात वाद सुरू होतो, हे मला ठाऊक आहे. या मुलीचे वालिद शाळेत येऊन मला म्हणाले, "मॅडम, गेल्या साली मामूच्या आग्रहामुळे पाठवली. यंदा नाही पाठवणार. गाणंबजावणं आपल्यात बसत नाही." ते कष्टाळू, प्रामाणिक गृहस्थ आहेत. मुलीला शिकवायची त्यांना हौस आहे. त्यांच्या शंकेला हसण्यासारखे काही नाही.

संगीताविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. वाद्ये नाजायज मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दुसरीकडे इमाम ग़ज़ालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समा, म्हणजे ऐकण्याच्या विषयावर, स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि शब्द काय आहेत, ऐकणाऱ्याच्या मनावर परिणाम काय होतो, यावर भर दिला. चिश्ती सिलसिल्यात समा चालत आली. ईदच्या दिवशी घरात दोन मुली गात होत्या, तेव्हा हजरत अबू बकर रागावले आणि पैगंबर साहेबांनी त्यांना गाऊ द्या म्हटले, हेही हदीसमध्ये आहे. मी आलिमा नाही, फतवा देणे माझे काम नाही. ज्या घराला वाद्य मान्य नाही त्या घराने आपल्या समजुतीप्रमाणे चालावे. पण 'आपल्यात बसत नाही' हे वाक्य मात्र इतिहासाला धरून नाही, एवढे मी शिक्षिका म्हणून सांगू शकते.

दर वर्षी 11 नोव्हेंबरला आपल्या प्रत्येक उर्दू शाळेत मौलाना आज़ादांची जयंती होते. मुले भाषणे करतात: पहिले शिक्षणमंत्री, मुफस्सिर, 'अल-हिलाल'चे संपादक. ते सतार शिकले होते, हे एकही मूल सांगत नाही, कारण आपण त्याला सांगितलेले नसते. 1942 साली अटक झाल्यावर मौलाना अहमदनगरच्या किल्ल्यात कैद होते. तिथे लिहिलेली पत्रे पुढे 'ग़ुबार-ए-ख़ातिर' या नावाने आली. त्यातल्या शेवटच्या पत्रात त्यांनी तरुणपणी सतार शिकल्याचे, ताजमहालच्या आवारात चांदण्यात सतार वाजवल्याचे मोकळेपणाने लिहिले आहे. कुरआनचा एवढा मोठा भाष्यकार, महाराष्ट्रातल्या तुरुंगात बसून, संगीताविषयी लिहितो. आणि त्यांच्या नावाने जयंती करणारे आपण शाळेत पेटी ठेवायलाही कचरतो.

मिरजेचे घ्या. तिथल्या शिकलगार घराण्यांतल्या मुस्लिम कारागिरांनी हत्यारांना धार लावण्याचे काम करता करता सतार आणि तंबोरे बनवायला घेतले. पंढरपूर-सोलापूर भागातला कडू भोपळा, त्यावर लाकूड, त्यावर तारा, आणि जवारी लावायला तयार झालेला कान. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ किराण्याहून आले आणि मिरजेचे झाले. 1937 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते दफन आहेत आणि तिथे त्यांच्या नावाने संगीत सभा होते. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारात होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडे शिकल्या. महाराष्ट्राच्या गाण्यातून आपल्या माणसांना वजा केले तर फार थोडे उरेल. आणि आज त्याच महाराष्ट्रात आमची मुलगी संगीत शिबिराला गेली की लोकांना नवल वाटते. हे नवल दोन्हीकडच्या लोकांना वाटते, हे विशेष.

शिबिरातल्या अडचणी खऱ्या होत्या. सकाळी सरस्वतीवंदना होई. ती मुलगी लिहिते, मी मागे शांत उभी राहिले, बाईंनी काही विचारले नाही. दुपारी ज़ुहरची नमाज पडायची होती, तर वाद्ये ठेवायच्या खोलीत तिला जागा करून दिली. बाकीच्या मुली दोन दिवस दारातून डोकावल्या, तिसऱ्या दिवशी कोणी पाहिलेही नाही. हे वाचताना मला वाटले, आपण ज्या प्रश्नांवर सभा घेतो, ते या मुलींनी तीन दिवसांत मिटवले. अट एकच होती. कोणी कोणाला बळजबरी केली नाही आणि कोणी कोणाला हिणवले नाही.

तिसरी गोष्ट मैत्रिणीची, आणि मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. ती मराठी शाळेतली मुलगी. दोघी एकाच तंबोऱ्यावर बसायच्या. तिने आमच्या मुलीला 'ळ' शिकवला आणि आमच्या मुलीने तिला 'ख़'. निबंधातले वाक्य असे आहे: 'क़ मात्र तिला जमला नाही आणि खरे सांगायचे तर मलाही नीट जमत नाही.' मी त्या वाक्याखाली लाल शाईने रेघ ओढली, चुकीची नव्हे, शाबासकीची.

दोघींची घरे एकाच गावात, चालत वीस मिनिटांवर. शिबिर मे महिन्यात संपले. त्यानंतर दोघी एकदाही भेटल्या नाहीत. आयांच्या फोनवरून दोनचार निरोप झाले. ईदला बोलावले तर मैत्रिणीच्या आईने विचारले की शीरखुर्म्यात अंडे असते का. नसते, दूध, शेवया, खारीक, सुकामेवा असतो. हे सांगूनही येणे झाले नाही. गणपतीत आमच्या मुलीला बोलावणे आले, तेव्हा आमच्या घराने दिवस काढला. कोणी वाईट वागले नाही. कोणी दार बंद केले नाही. फक्त कोणी उघडलेही नाही. दोन वस्त्या, दोन शाळा, दोन माध्यमे आणि रोज मोबाइलवर एकमेकांविषयी येणाऱ्या फॉरवर्ड. या सगळ्यात चौदा वर्षांच्या दोन मुलींची मैत्री किती दिवस टिकणार?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की स्पर्धा आणि शिबिरे ही आज मुलांना एकमेकांना भेटण्याची फार थोड्या उरलेल्या ठिकाणांपैकी आहेत. ती ढालीसाठी वाया घालवू नयेत. तालुक्याच्या स्पर्धेत दोन शाळांची मिळून एक जोडी करता येते. उर्दू शाळेतल्या मुलाने मराठीत आणि मराठी शाळेतल्या मुलाने हिंदुस्थानीत दोन मिनिटे बोलावे. निकालानंतर अर्धा तास राखून ठेवावा आणि परीक्षकांनी प्रत्येक मुलाला एक चांगली बाजू आणि एक उणीव सांगावी. शिबिर भरवणाऱ्यांनी वंदनेची सक्ती करू नये, नमाजेला एक कोपरा द्यावा, रमज़ानच्या तारखा पाहून शिबिर ठेवावे. आपल्या शाळांनी निदान एक पेटी आणि एक तबला घ्यावा, वाद्य नको असेल तर हम्द आणि नात तरी सुरात शिकवावी. शास्त्रीय कलेत प्रावीण्य असलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, हेही आपल्या अनेक पालकांना माहीत नाही.

पालकांना मी वेगळे सांगेन. मुलीने गावे की नाही, हा तुमच्या घराचा निर्णय आहे. पण गाणे थांबवताना तिची मैत्री थांबते आहे का, हे एकदा पाहा. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल उलेमांमध्ये मतभेद असतील. शेजाऱ्याशी, सोबत्याशी चांगले वागण्याबद्दल कोणत्याही आलिमाचा मतभेद नाही.

त्या मुलीच्या वालिदांना मी एवढेच म्हटले, "भाईजान, निबंध घरी नेऊन वाचा, मग ठरवा." ते मराठी वाचतात, पण सावकाश. वही घेऊन गेले आहेत. मे महिना अजून दूर आहे. पण मैत्रिणीला घरी बोलावण्यासाठी शिबिराची वाट पाहायची काहीच गरज नाही, ते येत्या रविवारीही होऊ शकते. तुमच्याही घरात असे एखादे राहून गेलेले आमंत्रण असेल, तर ते पाठवून टाका.