नळीवाले मोजा

केनवडला गेलो की मळ्यातल्या जुन्या विहिरीवर एक फेरी ठरलेली. काठावरची बाभूळ पाण्यावर ओणवी झालीय आणि तिच्या टोकांना सुगरणीचे खोपे लोंबताहेत. यंदा पोळ्याच्या आठवड्यात मोजले, ३१ भरले. गेल्या वर्षीच्या वहीत २२. पाखरं वाढली म्हणून खुशीत होतो.

शेजारचे काका मोटर सुरू करायला आले. "काय मोजता भाऊ?"

सांगितलं. ते वर पाहून हसले. "नळीवाले मोजा. बाकीचे बायकोनं नापास केले हायेत."

पुन्हा मोजले. खाली नळी उतरलेले अकराच. उरलेले उलट्या टोपासारखे, मधे विणलेली एक आडवी कड, तिथेच सोडून दिलेले.

काकांनी पुस्तक वाचलेलं नाही, पण सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला बसून जे टिपलं, ते हेच. नर अर्धा खोपा विणतो, माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडला तरच तो पुरा होतो. ती अंड्यांवर बसली की हा गडी शेजारी दुसरा खोपा मांडतो. म्हणजे खोपा मोजला की जोडी मोजली, असं नाही. (विणकाम सगळं नराचं, आणि नाव मात्र सुगरण!)

चिमणीच्या बाबतीत आपण याच्या उलट चुकलो. 'चिमण्या संपल्या' हे न मोजताच ठरवलं. पक्षिनिरीक्षकांच्या लाखो नोंदींवरून २०२० साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल आला, तेव्हा दिसलं की देशभरात पंचवीसेक वर्षं चिमणी साधारण टिकून आहे. घटली ती मुंबईसारख्या मोठ्या शहरांत. शहरातल्या माणसाच्या खिडकीतून अख्खा देश दिसला, त्याचा हा घोटाळा.

सुगरणीचे इतके खोपे अर्धेच का राहतात, याचं मला वाटतं ते असं: ज्वारी गेली, सोयाबीन आलं. ज्वारीच्या पात्याची विणायला लांब चिरफळी निघते, सोयाबीनच्या पानाची काय निघणार? बांधावरचं गवतही तणनाशकानं जळतं. पण हा तर्क झाला. एका विहिरीवर तो सिद्ध होत नाही. त्यात गेल्या वर्षीच्या २२ पैकी नळीवाले किती, हे मी लिहिलेलंच नाही.

वहीत आता दोन रकाने आखलेत. काल काकांचा फोन आला, "भाऊ, बाराव्याले नळी लागली."