आडनाव विचारणारा उंबरठा

प्रवेशाच्या याद्या झळकू लागल्या की छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर दरवर्षी एक ओळखीचे दृश्य दिसते. गेवराई, परतूर, जिंतूर, कळमनुरीकडच्या गाड्यांतून पत्र्याची पेटी, वळकटी आणि कागदपत्रांची फाइल सांभाळत मुले उतरतात. सोबत वडील असतात, नाहीतर शहराची थोडीफार माहिती असलेला मामा. प्रवेश मिळालेला असतो, वसतिगृह मिळालेले नसते. मग ही मंडळी औरंगपुरा, समर्थनगर, उस्मानपुरा, सिडको अशी पायपीट सुरू करतात. फाटकावर पाटी असते, माडीवर खोली रिकामी असते, घरमालक सज्जन असतात. ते बसायला सांगतात, पाणी देतात आणि मग अत्यंत मृदू स्वरात विचारतात, "आडनाव काय म्हणालात?"

उत्तर ऐकल्यावर काही घरांत खोली मिळते. काही घरांत मात्र ती कालच गेलेली असते. पाटी तेवढी दिवाळीपर्यंत फाटकावर लोंबत राहते.

नकाराचे खरे कारण कोणी उच्चारत नाही, हे या शहराच्या सुसंस्कृतपणाचे लक्षण मानायचे की कावेबाजपणाचे? पाण्याचे कारण सांगितले जाते. चार-आठ दिवसांआड येणाऱ्या नळावर वर्षानुवर्षे दिवस काढलेल्या गावात ते कारण खपूनही जाते. पण नळाचे तेच पाणी दुसऱ्या आडनावाच्या मुलाला पुरते कसे? कायदा या फाटकापर्यंत पोहोचत नाही, कारण नकाराचे कारण कागदावर लिहून देण्याइतका भोळा घरमालक अद्याप जन्माला आलेला नाही.

ज्या महामानवाचे नाव येथील विद्यापीठाने १९९४ साली धारण केले, त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्या नगरीत त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव धारण करून त्यांना पारशांच्या सरायीत आश्रय घ्यावा लागला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. ज्या स्नेह्यांच्या दारी ते गेले, त्यांनीही अडचणी पुढे केल्या, आणि मुंबईच्या गाडीची वाट पाहत या विद्वानाने काही तास कामाठी बागेत काढले. त्यांच्या पदव्यांविषयी कोणाला शंका नव्हती. प्रश्न फक्त जातीचा होता. याच बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि नागसेनवनाच्या परिसरात विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय उभी केली. खेड्यातील मुलाला वर्गाआधी छप्पर लागते, हे बडोद्याच्या अनुभवाने पोळलेल्या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

शासनाला मात्र वसतिगृहे बांधण्यापेक्षा रक्कम वाटणे सोपे वाटले. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. ती आखली गेली तेव्हा या शहरासारख्या विभागीय ठिकाणासाठी वर्षाला ५१ हजार रुपये ठरले, त्यांपैकी निवासासाठी १५ हजार. म्हणजे महिन्याला साडेबाराशे! एवढ्यात शहरात चार भिंती आणि डोक्यावर पत्रा कोठे मिळतो, हे योजना आखणाऱ्यांनी एकदा स्वतः फिरून पाहायला हवे होते. त्यातही हप्ता वेळेवर जमा होत नाही, ही विद्यार्थ्यांची तक्रार जुनीच आहे. पण क्षणभर धरून चालू की रक्कम दुप्पट झाली आणि महिन्याच्या एक तारखेला हातात पडली. तरीही आडनाव ऐकून मिटणारे दार रकमेने उघडत नाही. तेथे शासनाला दोष देऊन सुटका नाही; ते दार आपले आहे.

हे 'आपले' जाणूनबुजून म्हटले आहे. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता चूक नसेल तर जगात चूक असे काहीच नाही, अशा आशयाचे निःसंदिग्ध प्रतिपादन केले. त्या भाषणाच्या पुस्तिका अनेक घरांत जपून ठेवलेल्या आहेत. नेमकी त्याच घरांतील मुले आज पुण्यात, बंगळुरात किंवा अमेरिकेत आहेत आणि माडीवरच्या खोल्यांना कुलपे आहेत. सहभोजनाला आवर्जून जाणाऱ्या गृहस्थाला खोलीचा प्रश्न आला की 'घरच्यांना विचारावे लागेल' असे का वाटते? सहभोजन तासाभरात संपते, भाडेकरू वर्षभर जिन्यात भेटत राहतो, हा तर फरक नव्हे?

या घरांना परका मुलगा घरात घेण्याची सवय नाही, असेही म्हणता येणार नाही. १९६६ पासून विद्यार्थी परिषदेच्या आंतरराज्य छात्र जीवन दर्शन उपक्रमात ईशान्य भारतातील विद्यार्थी महाराष्ट्रातील कुटुंबांत पाहुणे म्हणून राहत आले. त्यांची भाषा वेगळी, खाणे वेगळे, चेहरेपट्टी वेगळी. गृहिणींनी त्यांना मुलासारखे वाढले, निरोप देताना डोळ्यांना पदर लावला. शेकडो कोसांवरून आलेल्या मुलासाठी जे स्वयंपाकघर उघडले, त्याच घराची माडी परतूरच्या मुलासाठी, तीही रोख भाडे घेऊन, उघडत नाही!

घरमालकाने अटी घालू नयेत, असे कोणी म्हणत नाही. रीतसर करार करावा, अनामत घ्यावी, रात्री दहाला फाटक बंद करावे, गोंगाट चालणार नाही असे बजावावे. वडिलांचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा, महाविद्यालयाचे ओळखपत्र पाहावे. मुलगा कसा आहे हे या साऱ्यातून कळते. आडनावातून त्यातले काहीच कळत नाही.

खोलीच्या शोधात चार दारे फिरलेली मुले पाचव्या दारी स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एवढेच सांगतात व गप्प राहतात. बडोद्याच्या सरायीतील नोंदवहीत पारशी नाव लिहिले गेले, त्याला शतक उलटून गेले आहे.