विश्लेषण : ऐन चाळिशी-पन्नाशीत नोकरी गेली, आता पुढे काय?

कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची सहा महिन्यांची मुभा ३१ ऑगस्ट २०२० रोजी संपली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन २३.९ टक्क्यांनी घटल्याची आकडेवारीही त्याच दिवशी जाहीर झाली. हप्ते पुन्हा सुरू, पगार मात्र बंद, अशा कात्रीत सापडलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या नोकरदारांपुढे कोणते मार्ग आहेत?

पगारी नोकऱ्यांचे काय झाले?

‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’च्या अंदाजानुसार एप्रिलमध्ये १२.२ कोटी लोकांचा रोजगार गेला. त्यात मोठा वाटा छोटे विक्रेते आणि रोजंदारी मजुरांचा होता. टाळेबंदी सैल होताच त्यांचे काम बऱ्याच अंशी परतले. कमाई मात्र पूर्वीइतकी राहिली असे नाही. पगारी नोकऱ्यांचे तसे झाले नाही. एप्रिलमध्ये अशा १.७७ कोटी नोकऱ्या गेल्या होत्या, जुलैअखेर हा आकडा १.८९ कोटींवर गेला. पगारी नोकरी सहसा लवकर जात नाही, पण एकदा गेली की लवकर मिळतही नाही.

वय आड का येते?

राज्य सरकारी नोकरीसाठी कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, तर मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. त्यापुढे उरते ते खासगी क्षेत्र. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने चाळिशीपुढील कर्मचाऱ्यांना वयावरून होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण दिले आहे. भारतात खासगी नोकरीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. शिवाय आधीचा पगारच अडचणीचा ठरतो. ‘हा कमी पगारात टिकणार नाही’ असे गृहीत धरून अर्ज बाजूला पडतो.

कंपनीने राजीनामा मागितला तर?

सहीची घाई करू नये. २०२० मध्ये लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागत असे. ‘स्वेच्छेने राजीनामा’ लिहून दिला, की या भरपाईवरचा दावा कमकुवत होतो. व्यवस्थापकीय पदावरील कर्मचारी ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. त्यांनी नेमणूकपत्रातील नोटिशीची अट पाहावी. पाच वर्षे सेवा झाली असेल, तर ग्रॅच्युइटीचा हक्क राजीनाम्यानंतरही राहतो.

बेरोजगारी भत्ता मिळतो का?

‘ईएसआयसी’च्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळासाठी भत्ता सरासरी वेतनाच्या २५ वरून ५० टक्के करण्यात आला होता. तो जास्तीत जास्त ९० दिवस मिळत होता. मात्र ‘ईएसआयसी’ची वेतनमर्यादाच दरमहा २१ हजार रुपये आहे. वीस-पंचवीस वर्षे काम करून त्यापुढे गेलेल्यांना हा आधार नाही.

पीएफ काढावा का?

२०२० मध्ये नोकरी गेल्यावर महिन्याने ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेली रक्कम काढता येत होती. त्यामुळे पहिला हात तिथेच जात असे. पण पन्नाशीजवळ काढलेला पैसा पुन्हा साठवायला वर्षे उरत नाहीत. गरजेपुरतेच काढणे शहाणपणाचे. पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. ती भरायला थोडी वर्षे कमी पडत असतील, तर पेन्शनची रक्कम न काढता योजना प्रमाणपत्र घ्यावे. पुढच्या नोकरीत ती सेवा जोडली जाते. दहा वर्षे पूर्ण असल्यास पन्नाशीनंतर पेन्शन सुरू करता येते, पण ५८ वर्षांना जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दरसाल चार टक्के कपात होते.

हप्ते आणि आरोग्य विम्याचे काय?

१ मार्च २०२० रोजी ज्यांचे हप्ते ३० दिवसांहून अधिक थकलेले नव्हते, त्यांना २०२० मध्ये कर्जाच्या फेररचनेसाठी बँकेकडे अर्ज करता येत होता. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे वाढू शकत होती, मात्र मंजुरी बँकेच्या हाती होती. त्यामुळे हप्ता चुकण्याआधीच बँकेशी बोलावे. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची तरतूद आहे. त्यासाठी संरक्षण संपण्याआधी अर्ज करावा. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी तर हे टाळूच नये.

मूळ प्रश्न कोणता?

आपल्या व्यवस्थेला दोनच माणसे ठाऊक आहेत : नोकरीत असलेला आणि निवृत्त झालेला. ४५ ते ५८ या वयात नोकरी गेलेला माणूस या दोन्हींत बसत नाही. मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी आणि घराचा हप्ता हे तिन्ही खर्च याच वयात एकत्र येतात. नवी नोकरी किती महिन्यांत मिळेल, हे सांगता येत नाही. त्यामुळे नोकरी गेल्याचे घरात लपवण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी मिळून खर्चाचा हिशेब मांडलेला बरा. हाताशी असलेली बचत किती महिने पुरेल, हे त्यातूनच कळते. मिळेल ती नोकरी घ्यायची की थांबायचे, हेही मग त्यावरूनच ठरवता येते.