आधी जाऊन बघा, मग पैसे भरा

मागच्या मे महिन्यात एके दिवशी मगरिबनंतर आमच्या गल्लीतले एक भाईजान बीवी आणि मुलीला घेऊन घरी आले. फळांची गाडी लावतात, जातीने बागवान. हातात एक गुळगुळीत कागदाची जाडजूड माहितीपुस्तिका होती. "बाजी, जरा ये देखो. परसों तक पच्चीस हजार भरने का है."

मुलगी दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होती. बारावी सायन्स झाली, बी.फार्मसी करायचं म्हणते. एजंटाने सांगितलं होतं, खासगी विद्यापीठ आहे, सीईटीच्या निकालाची वाट बघत बसलात तर सीट जाईल. मार्कलिस्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत आताच द्या.

पुस्तिका चाळण्याआधी मी त्यांना माझ्या बहिणीच्या मुलाची गोष्ट सांगितली. ती सांगताना अजूनही मान खाली जाते, कारण ते कॉलेज मीच सुचवलं होतं. इमारत नवी होती, संस्थाचालक ओळखीचे होते, एवढ्यावर मी "घाला" म्हटलं. बहिणीने हातातल्या पाटल्या मोडून डी.फार्मसीची फी भरली. दोन वर्षं पास होऊन पोरगा फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करायला गेला, तेव्हा कळलं की त्याच्या बॅचला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यताच नव्हती. ही मान्यता त्या त्या वर्षासाठी आणि ठरावीक जागांसाठी असते, हे मला शिक्षिका असून माहीत नव्हतं. नोंदणी नाही म्हणजे फार्मासिस्टची नोकरी नाही, स्वतःच्या नावावर मेडिकल चालवणं तर दूरच. आज तो एका गोदामात हिशेब लिहितो.

म्हणून पहिला प्रश्न मान्यतेचा. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो आणि बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी स्वतः प्रसिद्ध करते. पण विद्यापीठ खरं असलं तरी तेवढ्याने भागत नाही. फार्मसीला फार्मसी कौन्सिल, वकिलीला बार कौन्सिल, बी.एड.ला एनसीटीई, इंजिनिअरिंगला एआयसीटीई आणि नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल. त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव, या वर्षाची मान्यता आणि जागा किती, हे स्वतः बघायचं. कॉलेजने काचेत लावलेल्या पत्रावर विसंबू नका, त्यावरची तारीख वाचा. आपल्या घरातली पोरं मोबाइलवर दिवसभर असतातच, हे काम त्यांना दहा मिनिटांत जमतं.

पुस्तिकेत 'नॅक ए ग्रेड' असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. नॅकची श्रेणी ठरावीक मुदतीची असते, साधारण पाच वर्षांची. शिवाय ती सगळ्या संस्थेला मिळालेली असते, तुमच्या मुलीच्या विभागाला नव्हे. श्रेणीपेक्षा कामाची वस्तू म्हणजे कॉलेजने नॅकला दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल. तो कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. कायम शिक्षक किती, ग्रंथालयावर खर्च किती, किती मुलं पुढे शिकली, सगळं त्यात सापडतं.

दुसऱ्या पानावर टाय लावलेल्या एका मुलाचा फोटो आणि खाली 'सर्वोच्च पॅकेज 12 लाख'. भाईजानचं बोट त्यावरच होतं. मी म्हटलं, तुमच्या गाडीवर वरच्या थराला लावलेला आंबा बघून गिऱ्हाईक पेटी घेतं का? ते हसले, काही बोलले नाहीत. नोकरी लागलेल्या सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करा आणि बरोबर मधल्या मुलाचा पगार विचारा. एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हा मधला पगार आणि नोकरी लागलेल्यांची संख्या जाहीर करावी लागते. सांगायला टाळाटाळ झाली, तर समजून जा.

आता पैशाची गोष्ट, आणि इथे आपल्या समाजाचं फार नुकसान होतं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत हवं, मुलगी ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी असावी आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला असावा. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत आहेत, पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर काढून ठेवलेलं नसतं. खासगी विद्यापीठांना आणि खासगी अभिमत विद्यापीठांना मात्र ही सवलत लागू नाही. म्हणजे एजंटाच्या हातात पंचवीस हजार ठेवले असते, तर भाईजानने चार वर्षांची माफी स्वतःच्या हाताने सोडली असती. व्याजाचं कर्ज नको म्हणणाऱ्या घराला हे आधी कळायला नको का?

मूळ कागद द्यायचा तर प्रश्नच नाही. यूजीसीचा 2018 चा नियम आहे, मूळ कागद पडताळून लगेच परत करायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. ते अडकले की पोरगी अडकली.

एवढं बोलणं होईपर्यंत तिची अम्मी गप्प होती. मग हळूच म्हणाली, "आपल्याच लोकांचं एखादं कॉलेज नाही का? मन निवांत राहील." अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात आपल्या मुलांसाठी वेगळा कोटा असतो, त्याचा फायदा जरूर घ्यावा. पण चालक आपले आहेत ही काही प्रयोगशाळा नव्हे. माझ्या भाच्याच्या कॉलेजचे चालकही आपलेच होते.

त्या आठवड्यात आम्ही चौघं न कळवता दोन कॉलेजं बघून आलो, कामाच्या दिवशी. एके ठिकाणी प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. दुसरं जुनं, भिंतीचा रंग उडालेला, पण मुली पांढरे कोट घालून बेसिनशी रांगेत उभ्या. तिथल्या कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या दोघींना गाठलं. सर तास घेतात का, होस्टेलचं फाटक किती वाजता बंद होतं, रात्री कोणी आजारी पडलं तर कोण नेतं, डोक्यावर ओढणी चालते का. त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या पुस्तिकेत मिळालं नसतं. पोशाखाचा नियम आम्ही ऑफिसातून लेखी मागून घेतला. हा विषय तोंडी ठेवू नये.

सगळे प्रश्न आम्ही मोठे विचारत होतो. परतीच्या एसटीत मी मुलीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "टीचर, मला ते रंग उडालेलंच पाहिजे. तिथे मुलींना हात लावू देतात यंत्रांना." अब्बूंनी मागच्या सीटवरून ऐकलं.

इस्तिखारा त्यांनी घरी गेल्यावर केला. करावाच, पण चौकशी झाल्यावर. एजंटाचे तीन फोन येऊन गेले.

निकाल लागल्यावर तिने केंद्रीय फेरीचा पसंतीक्रम भरला आणि ते कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं. घरापासून चाळीस किलोमीटर. यादी लागायच्या आधीच भाईजान एसटी स्टँडवर जाऊन संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते विचारून आले होते.